दाखल्यासोबत पोचपावती

म्हैसूरहून हुणसूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात येलवाल येते. आता ते शहराला जवळजवळ चिकटलेच आहे. मराठी माणसाने हे नाव लक्षात ठेवावे असे तिथे एकदा घडले होते. 1957 च्या सप्टेंबरात, 21 आणि 22 तारखेला, या गावात ग्रामदान परिषद भरली. आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गागोद्यात जन्मलेले विनोबा भावे पायी हिंडत कर्नाटकात आले होते. त्यांच्याशी बोलायला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद, पंतप्रधान नेहरू, जयप्रकाश नारायण, केरळचे कम्युनिस्ट मुख्यमंत्री नंबुद्रीपाद अशी एरवी एका पंगतीला न दिसणारी माणसे येलवालला आली आणि सर्वांनी मिळून ग्रामदानाच्या विचाराला पाठिंबा दिला. गावाची जमीन साऱ्या गावाच्या मालकीची करायची आणि गावाचा कारभार गावाने करायचा. आणि गाव म्हणजे पाटील, शानभोग (तिकडचा कुलकर्णी) आणि चार बागायतदार एवढेच धरायचे नाही, गावातले झाडून सारे प्रौढ धरायचे, हा त्या विचाराचा गाभा होता.

येलवालची आठवण काढली ती एका साध्या मागणीसाठी. बारावीचा वर्ग भरवणाऱ्या प्रत्येक शाळेने सतरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलामुलीच्या हातात मतदार नोंदणीचा ‘नमुना 6’ ठेवावा, तो भरायला मदत करावी आणि त्याची पोच मुलाच्या हातात पडेपर्यंत पाठ सोडू नये. महाराष्ट्रात याला कनिष्ठ महाविद्यालय म्हणतात, कर्नाटकात पीयूसी म्हणतात. नाव काहीही असो, वर्ग तोच आणि वयही तेच.

ग्रामदानाशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध अगदी कायद्याचा आहे. 73 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली आणि ग्रामसभा म्हणजे कोण, याची व्याख्याही तिथेच झाली. गावाच्या मतदार यादीत ज्यांची नावे आहेत त्या व्यक्तींची ती सभा. म्हणजे यादीत नाव नसलेला मुलगा गावात जन्मला, गावात वाढला, गावच्या विहिरीचे पाणी प्यायला, तरी कायद्याच्या भाषेत तो ग्रामसभेचा सभासद नाही. पाच वर्षांतून एकदा येणारे मतदान त्याचे चुकते, हे तर दिसतेच. पण पाणीपुरवठ्याचा, गायरानाचा, घरकुलाच्या यादीचा प्रश्न सभेत आला की हात वर करण्याचा त्याचा अधिकारही त्याच एका नोंदीवर लटकलेला असतो. विनोबांना पक्षांच्या निवडणुकांचे फारसे प्रेम नव्हते. त्यांना एकमताने चालणारे गाव हवे होते. पण एकमत व्हायला आधी सगळे मोजले गेले पाहिजेत. आज ती मोजणी मतदार यादीत होते.

ही यादी आपोआप भरत नाही, इथेच सगळी गोम आहे. 61 व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले; 28 मार्च 1989 पासून ते लागू झाले. अधिकार वयाबरोबर मिळतो, पण नाव अर्ज केल्याशिवाय लागत नाही. वर्षानुवर्षे त्यात आणखी एक अडचण होती. 1 जानेवारी हा एकच अर्हता दिनांक. 2 जानेवारीला अठरा पूर्ण करणाऱ्याला पुढच्या वर्षीच्या जानेवारीपर्यंत थांबावे लागे. 2021 मध्ये कायदा बदलला आणि 2022 पासून 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर असे चार दिनांक आले. त्याच वेळी निवडणूक आयोगाने जाहीर केले की सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येईल. अठरा भरले की त्या तिमाहीत नाव यादीत चढेल. या एका बदलाने नोंदणी वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. पूर्वी मूल अठराचे होईपर्यंत शाळा सुटलेली असे. आता अर्ज करण्याचे वय आणि बारावीचे वर्ष एकाच ठिकाणी येतात. कायद्याने दार उघडले आहे. मुलांना त्या दारापर्यंत नेणारे कोणी नाही.

आकडे हेच सांगतात. 2024 च्या लोकसभा निवडणुकीआधी देशात जवळपास 96.88 कोटी मतदार नोंदले गेले होते. त्यात अठरा-एकोणीस वर्षांचे होते सुमारे 1.8 कोटी. आपल्या देशात दरवर्षी दोन कोटींहून अधिक मुले अठरा पूर्ण करतात. दोन वर्षांची मिळून ती चार कोटींच्या वर जातात. म्हणजे नव्याने मतदार होऊ शकणाऱ्यांपैकी निम्मीसुद्धा यादीत नव्हती. या मुलांना देशाशी देणेघेणे नाही, असा निष्कर्ष काढणारे चुकतात. याच वयाची मुले पोलीस भरतीसाठी पहाटे चारला मैदानावर पळत असतात, नीट आणि सीईटीचे ऑनलाइन अर्ज कागद न कागद जोडून भरत असतात, शिष्यवृत्तीसाठी बँकेत खाते काढत असतात. त्या प्रत्येक अर्जाच्या वेळी कोणीतरी सांगणारे असते: अमुक तारखेपर्यंत, अमुक कागद घेऊन, अमुक खिडकीवर ये. मतदार नोंदणीबद्दल असे सांगणारे त्यांच्या रोजच्या वाटेवर कोणी भेटत नाही.

ते सांगायला शाळेइतकी योग्य जागा दुसरी नाही. नमुना 6 ला काय लागते ते पाहा. जन्मतारखेचा पुरावा म्हणून दहावी-बारावीचे प्रमाणपत्र चालते. तो कागद शाळेतूनच मिळतो. पत्त्यासाठी आधार, आईवडिलांच्या नावाचे विजेचे बिल किंवा बँकेचे पासबुक. यातले बरेचसे प्रवेशाच्या वेळी मुलांनी आधीच गोळा केलेले असते. मूल वसतिगृहात राहत असेल तर त्याने गावी नाव नोंदवावे की वसतिगृहाच्या पत्त्यावर, हे त्याला निवडता येते, आणि दुसऱ्या पर्यायाला मुख्याध्यापकांचे किंवा प्राचार्यांचे बोनाफाइड लागते. तेही शाळेच्याच कार्यालयात मिळते. मतदानाच्या दिवशी केंद्र बहुधा शाळेतच असते. आणि घरोघरी जाऊन नवी नावे शोधणारा केंद्रस्तरीय अधिकारी, ज्याला सगळे बीएलओ म्हणतात, तो पुष्कळदा शिक्षकच असतो. जी मुले दिवसभर डोळ्यांसमोर बाकांवर बसलेली असतात, त्यांचीच नावे शोधायला शाळा सुटल्यावर उन्हातान्हात गल्लीबोळ पालथे घालायचे, ही शिक्षकाची दमछाक आपण का चालू ठेवतो?

आणि बारावीनंतर ही मुले सापडत नाहीत. कोणी पुण्याच्या वसतिगृहात, कोणी बेंगळुरूच्या कंपनीत, कोणी सैन्यात. हजेरीपटाच्या पुढच्या पानावर असलेली मुलगी लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात. एका गावाची, एका वयाची सारी मुले नावानिशी एका छपराखाली बसलेली असतात, असा हा शेवटचा टप्पा. तो हातचा गेला की पुढे एकेकाला शोधत फिरावे लागते.

मुलींचा विचार तर वेगळा केला पाहिजे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची यादी तयार होत होती तेव्हा लाखो बायकांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच सांगितले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत आणि सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली. आजची बारावीतली मुलगी स्वतःचे नाव ठणकावून सांगते. पण लग्नानंतर नाव बदलते, गाव बदलते, कागद एका घरात आणि ती दुसऱ्या घरात, अशी स्थिती झाली की पहिली नोंदणी करणे तिला फार जड जाते. माहेरी, शाळेच्या नावाने, एकदा यादीत चढलेले नाव पुढे नमुना 8 भरून नव्या पत्त्यावर नेता येते. अजिबात नसलेले नाव कोठून नेणार? म्हणून बारावीच्या वर्गातला तो अर्ज मुलीच्या दृष्टीने अधिक मोलाचा. शाळेच्या जनरल रजिस्टरात जे नाव तिच्या हक्काचे आहे, तेच नाव देशाच्या रजिस्टरात, कोणाच्या तरी ओळखीवाचून, चढते.

सरकारांना हे कळत नाही असे नाही. 25 जानेवारी हा मतदार दिवस 2011 पासून पाळला जातो. 2018 पासून माध्यमिक शाळांत आणि महाविद्यालयांत मतदार साक्षरता मंडळे काढायचे ठरले. 2022 च्या नोव्हेंबरात मतदार याद्यांच्या विशेष संक्षिप्त पुनरीक्षणाचा राष्ट्रीय प्रारंभ आयोगाने पुण्यातून केला, तोही तरुणांच्या नोंदणीवर भर देत. 2 नोव्हेंबर 2023 रोजी आयोगाचा आणि केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचा करार झाला. सहावी ते बारावीच्या शिक्षणात मतदार साक्षरता आणायची आणि अठरा भरलेल्या विद्यार्थ्याच्या हाती ओळखपत्र सन्मानाने द्यायचे, असा त्याचा हेतू. हे सगळे स्वागतार्ह आहे. पण शाळेत 25 जानेवारीला होते काय? प्रभातफेरी निघते, रांगोळी आणि घोषवाक्य स्पर्धा होते, प्रतिज्ञा म्हटली जाते, फोटो वरच्या कार्यालयाला जातात. त्या फेरीत घोषणा देणाऱ्या किती मुलांनी अर्ज भरला, हे कोणी विचारत नाही. मुलांकडून प्रतिज्ञा घेणे सोपे आहे. त्याच तासाला अर्ज वाटला तर त्या प्रतिज्ञेला अर्थ येईल.

इथे एका गोष्टीची स्पष्टता हवी. आम्ही ‘देऊ करा’ म्हणतो, ‘सक्ती करा’ म्हणत नाही. 2022 मध्ये महाराष्ट्राचे उच्च शिक्षणमंत्री चंद्रकांत पाटील यांनी अठरा वर्षांवरील विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणाच्या प्रवेशासाठी मतदार नोंदणी बंधनकारक करण्याचा मनोदय जाहीर केला होता. हेतू चांगला होता, वाट चुकीची होती. शिक्षण हा एक हक्क आणि मत हा दुसरा. एका हक्काच्या दारावर दुसऱ्या हक्काचा पहारेकरी बसवू नये. ज्या मुलाचा पत्त्याचा कागद भाड्याच्या खोल्या बदलताना हरवला, त्याचा प्रवेश त्यासाठी अडू नये आणि दाखलाही रोखला जाऊ नये. सक्ती मुलावर नको; ती असेल तर शाळेवर असावी. मुलाला नको म्हणण्याची मुभा असावी, पण ‘आम्हाला कोणी विचारलेच नाही’ असे म्हणण्याची वेळ एकाही मुलावर येऊ नये. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात कायदाच आहे: हायस्कूलच्या प्राचार्याने पात्र विद्यार्थ्यांना शैक्षणिक वर्षातून किमान दोनदा नोंदणीचा अर्ज देऊ करायचा. घेणे न घेणे मुलाचे, देणे शाळेचे. आपल्याकडे शिक्षण विभागाच्या एका परिपत्रकाने एवढे काम होऊ शकते.

वेळही ठरवता येईल. पुनरीक्षणाची प्रारूप यादी साधारण दिवाळीच्या आगेमागे निघते आणि पुढच्या वर्षीच्या चारही दिनांकांसाठी अर्ज घेतले जातात. दिवाळीची सुट्टी संपून वर्ग पुन्हा भरला की प्रात्यक्षिके आणि पूर्व परीक्षा सुरू होण्याआधी दोन दिवस काढावेत. पहिल्या दिवशी समजावून सांगावे आणि घरून कागद आणायला सांगावे. दुसऱ्या दिवशी बीएलओला शाळेत बोलवून अर्ज घ्यावेत. राहिलेल्यांसाठी 25 जानेवारीच्या सुमारास पुन्हा एक फेरी. मोबाइलवर निवडणूक आयोगाचे अ‍ॅप आहे, 1950 हा क्रमांक आहे. पण ज्या घरी एकच मोबाइल आणि तोही बापाबरोबर कामावर, त्या मुलासाठी कागदी अर्ज हातात असलाच पाहिजे.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला, शिक्षकांवर आणखी एक काम. शिक्षण हक्क कायद्याचे 27 वे कलम शिक्षकांना शिकवण्याबाहेरची कामे लावू नयेत असे सांगते, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक ही तीन कामे त्यातून वगळते. त्या पळवाटेतून शिक्षकांवर किती ओझे आले आहे हे खेड्यातल्या कोणत्याही शाळेत कळते. म्हणूनच हे काम नव्याने लादू नये, असलेल्या कामाची जागा बदलावी. शंभर घरांची पायपीट वाचवणारा दोन दिवसांचा वर्ग शिक्षकाला नकोसा होणार नाही. दुसरा आक्षेप, शाळेत राजकारण शिरेल. तो धोका खरा आहे आणि त्यावर उपायही स्पष्ट आहे. अर्ज वाटायला फक्त शाळा आणि निवडणूक यंत्रणा. कोणत्याही पक्षाचा कार्यकर्ता, नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य, संस्थाचालकांचा उमेदवार असलेला मुलगा, यांपैकी कोणाचीही पावले त्या दिवशी वर्गात पडू नयेत. कोणाच्या फोटोचा फलक लागू नये. आपल्याकडे शिक्षण संस्था आणि राजकीय घराणी किती ठिकाणी एकाच वाड्यात नांदतात हे सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे हा नियम लेखी हवा आणि कडक हवा.

तिसरा प्रश्न मात्र आक्षेपापेक्षा मोठा आहे. जी मुले बारावीपर्यंत पोचतच नाहीत त्यांचे काय? बीडहून कोयता घेऊन आईबापाबरोबर उसाच्या फडात गेलेला मुलगा, दहावीत नापास होऊन गॅरेजात लागलेला, पंधराव्या वर्षी घरात बसवलेली मुलगी, यांना शाळेतली नोंदणी गाठणार नाही. ही मर्यादा आहे आणि ती झाकून ठेवून चालणार नाही. आयोगाच्या योजनेत शाळेबाहेरच्या मुलांसाठी वस्तीवर चालणारी ‘चुनाव पाठशाला’ आहे. शाळेतल्या मुलांची नोंदणी शाळेत उरकली, की बीएलओचा वाचलेला वेळ या मुलांकडे वळवता येईल. शाळेच्या जुन्या रजिस्टरात या मुलांचीही नावे असतात. कोण कधी गळाले ते शाळेला माहीत असते. तीच यादी शोधाची सुरुवात ठरावी.

एका मताने काय होते, असे विचारणाऱ्या मुलांना येलवालच्या परिसरातच उत्तर आहे. येलवाल ज्या चामुंडेश्वरी मतदारसंघात येते, त्या मतदारसंघाची 2006 ची पोटनिवडणूक सिद्धरामय्या यांनी अवघ्या 257 मतांनी जिंकली. पुढे ते मुख्यमंत्री झाले. त्याहून बोलके उदाहरण शेजारच्या चामराजनगर जिल्ह्यातले. 2004 मध्ये संतेमरहळ्ळी मतदारसंघात एकाला 40,752 मते पडली आणि दुसऱ्याला 40,751. एका मताने आमदार ठरला. आपल्याकडे 2024 मध्ये वायव्य मुंबईचा खासदार 48 मतांनी ठरला. एवढी मुले बारावीच्या एका तुकडीत असतात.

आणि उशीर झाला की काय होते तेही आपण पाहिले आहे. 2025 मध्ये अठरा पूर्ण केलेल्या मुंबईतल्या एका मुलीला यादीत नाव लागावे म्हणून उच्च न्यायालयात जावे लागले. महापालिका निवडणूक तोंडावर होती आणि तिचा अर्ज स्वीकारला जात नव्हता. न्यायालयाने तिच्या अर्जावर सहा आठवड्यांत निर्णय घ्यायला सांगितले. तिने न्यायालयात जाण्याची हिंमत दाखवली. तिच्या वयाची बाकीची मुले खिडकीवरूनच परत फिरतात आणि कोणाला काही न सांगता गप्प बसतात. पहिल्याच वेळी हात हलवत परत आलेले मूल पुन्हा त्या वाटेला जायला वेळ लावते.

म्हैसूर हे या विषयात जुने जाणते गाव आहे. दिवाण रंगाचार्लूंच्या काळात, 1881 मध्ये, तिथे प्रजाप्रतिनिधी सभा सुरू झाली. संस्थानी मुलखातली ती पहिली. 144 सभासदांची ती सभा जमीनदार आणि व्यापाऱ्यांची होती. सामान्य रयतेला तिथे जागा नव्हती. त्यानंतरच्या सव्वाशेहून अधिक वर्षांत सभेचे ते दार रुंद होत गेले. आज कर्नाटकातल्या ग्रामपंचायतींत मुलांचीही ग्रामसभा भरते, तिला ‘मक्कळ ग्रामसभे’ म्हणतात. शाळेची मुले उभी राहून स्वच्छतागृहाचे, रस्त्यावरच्या दिव्याचे, बसच्या वेळेचे प्रश्न विचारतात. देशभरच्या मतदारांच्या बोटाला लागणारी शाई 1962 पासून म्हैसूरच्याच पेंट्स अँड व्हार्निश कारखान्यात तयार होते. मुलांच्या ग्रामसभेत पंधराव्या वर्षी प्रश्न विचारणारी मुलगी अठराव्या वर्षी मोठ्यांच्या ग्रामसभेत बसायची, तर या दोन्हींच्या मध्ये एका अर्जाचे अंतर आहे. ते अंतर तिने एकटीने का तोडावे?

जमीन मागायला विनोबा लोकांच्या दारी गेले. लोक आपल्याकडे येतील म्हणून वाट पाहत बसले नाहीत. मताचा अधिकार देणाऱ्या शासनानेही देण्यासाठी एवढे चालावे. दार तर समोरच आहे, वर्गाचे.

शाळा सोडताना प्रत्येक मुलाला एक दाखला मिळतो. नाव, जात, जन्मतारीख, शाळा सोडल्याचे कारण, वर्तणूक. मुख्याध्यापकांची सही आणि गोल शिक्का. तो कागद घरात लोखंडी पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत, जन्मभर जपला जातो. तो सांगतो की हे मूल आमच्याकडून गेले. त्याच दिवशी, त्याच टेबलावरून, ज्याने घेतली त्याला नमुना 6 ची पोचही मिळावी. मग मुलाला कळेल की ज्या गावाने त्याला शिकवले त्या गावाने त्याला मोजलेही आहे, आणि ग्रामसभेची दवंडी यापुढे त्याच्यासाठीही पिटली जाणार आहे.